सत्तर युरोंचा पलंग

पलंग 70 युरोंचा आणि त्यावरची गादी 430 युरोंची. घरी कोणी आलं की नवरा चहाच्या आधी हे दोन आकडे ऐकवतो आणि मग 'आता तूच सांग' अशा नजरेनं माझ्याकडे बघतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आम्ही फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी तूर नावाच्या शहरात राहतो. हो, डाळ असते ती तूर. आईला पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरां झालां, मी विसरूचंय नाय." या भागात राजेरजवाड्यांचे वाडे पैशाला पासरी आणि त्यांच्या आजूबाजूला जुनी दगडी घरं. त्या घरांतली म्हातारी माणसं एकेक करून जातात. मुलं पॅरिसच्या बुटक्या छताच्या फ्लॅटमध्ये. आजीचं कपाट तिथल्या लिफ्टमध्येसुद्धा मावत नाही. मग सगळं सामान टेम्पोत भरून लिलावघराकडे.

लिलाव पुकारणाऱ्याला इथे 'कोमिसेर-प्रिझर' म्हणतात. हे पद थेट 1556 सालचं, दुसऱ्या हेन्री राजानं काढलेलं, आणि खाजगी लिलावांवरची त्यांची मक्तेदारी 2000 साली कायदा होईपर्यंत टिकली. वतनदारी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

मी गेले होते जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बघायला. लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला मोकळा असतो. कोणीही यावं, खण ओढून बघावेत, खुर्ची उलटी करावी. खुर्च्या बऱ्या नव्हत्या. पण मागच्या भिंतीला टेकून पलंगाच्या दोन फळ्या उभ्या होत्या, उशाकडची आणि पायथ्याची. बाजूच्या लांब दांड्या सुतळीनं बांधून खाली ठेवलेल्या. आमच्याकडे या दांड्यांना गातं म्हणतात. उशाकडची फळी माझ्या खांद्याएवढी. वर मधोमध शिंपला, त्याच्या दोन्ही बाजूंनी पानं आणि फुलं वाहत खाली आलेली, पाय हरणाच्या खुरासारखे आत वळलेले. चिठ्ठीवर लिहिलेलं: लॉट 214, मधला पलंग, पंधराव्या लुईची 'स्तील', अक्रोड.

'मधला पलंग' म्हणजे खोलीच्या मध्ये ठेवायचा, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. म्हणून दोन्ही गात्यांवर नक्षी असते. नाहीतर पूर्वी कित्येक पलंग कोनाड्यात, लांबीनं भिंतीला लावून ठेवत. त्यांची भिंतीकडची बाजू कोरी ठेवायचे. जे दिसायचं नाही त्यावर पटाशी कशाला झिजवा?

आता त्या 'स्तील' शब्दाबद्दल, कारण सगळी किंमत त्या एका शब्दात आहे. फ्रान्समध्ये 3 मार्च 1981 चा एक हुकूम आहे. त्याप्रमाणे 'पंधराव्या लुईच्या काळातला' असं छापलं तर वस्तू खरोखर त्या काळात, म्हणजे 1715 ते 1774 मध्ये, बनलेली असल्याची हमी विकणाऱ्यावर येते. काळासाठी शब्द 'एपॉक'. आणि 'पंधराव्या लुईच्या स्तीलचा' म्हटलं की कसलीही हमी नाही. तो परवा बनलेला असू शकतो. त्या राजाच्या काळात जे वळण होतं, म्हणजे शिंपले, वेलबुट्टी, कुठेही सरळ रेघ नाही, त्या वळणाचा, एवढंच. पुढच्या राजाच्या, सोळाव्या लुईच्या वेळी सगळं पुन्हा सरळ झालं. पाय गोल आणि उभ्या खाचांचे, वर फिती बांधलेल्या, मशाली, बाणांचे भाते, कबुतरं. एकदा कळलं की हे डोळ्यांनीच ओळखता येतं. कोणत्या राजाचं वळण हे मला दारातूनच कळायला लागलंय. काळ कोणता, हे मात्र पाठीमागची फळी बघितल्याशिवाय नाही कळत.

आणि तेही शहाण्यांना चकवतं. वर्सायच्या राजवाड्यानं स्वतः विकत घेतलेल्या अठराव्या शतकातल्या खुर्च्यांपैकी काही अलीकडेच बनवलेल्या निघाल्या. 2016 साली तो घोटाळा इथल्या वर्तमानपत्रांत गाजत होता. तिथल्या तज्ज्ञांचं हे, तर मी कोण!

खऱ्या जुन्या कामावर कधीकधी ठसा सापडतो. पॅरिसच्या सुतारांच्या संघानं अठराव्या शतकाच्या मध्यावर नियमच केला की उस्तादानं आपलं नाव लाकडावर ठोकायचं, आणि तपासणीत पास झालं की शेजारी संघाची जेएमई ही अक्षरं. 1791 मध्ये क्रांतीनं असले संघच मोडीत काढले. तेव्हा सुतारांतही दोन जाती होत्या. भरीव लाकडाचं काम करणारा 'मनुइझ्ये' आणि पातळ पत्र्यासारखं महागडं लाकूड वर चिकटवणारा 'एबेनिस्त'. पलंग, खुर्च्या पहिल्याकडे. त्यावरची नक्षी बहुतेक वेळा तिसराच माणूस करायचा. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत, तिच्या खुर्च्या बनवणारा जॉर्ज जाकोब हा पहिल्या जातीतला.

बाकी त्या काळात पलंग ही निजायची वस्तू कमी आणि सिंहासन जास्त. चौदाव्या लुईनं 1701 मध्ये आपली निजायची खोली वर्सायच्या अगदी मध्यावर आणली. राजा सकाळी उठतो हाच दरबारी सोहळा. पलंगापुढे कठडा, कठड्याबाहेर मानकरी. आपल्याकडे देवाची काकडआरती असते, तसं. 1 सप्टेंबर 1715 ला तो त्याच खोलीत मेला. छप्परपलंगांचे तर किती प्रकार! 'डचेस' पद्धतीत पुढे खांबच नाहीत, छप्पर मागच्या भिंतीवरून आणि आढ्यावरून तोललेलं. 'पोलिश' पद्धतीत वाकवलेल्या लोखंडी सळ्यांवर घुमट, आणि सळ्या पडद्यांत लपवलेल्या. 'तुर्की' म्हणजे तीन बाजूंनी पाठ असलेला, जवळजवळ सोफाच. पोलंडला आणि तुर्कस्तानला हे माहीत होतं की नाही, देव जाणे.

पण माझा पलंग यातला कोणताच नाही. तो नकलेच्या काळातला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या पैसेवाल्यांना पुन्हा राजांची हौस आली. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिला मारी आंत्वानेतचं भारी वेड, आणि राणीला जे आवडतं ते हळूहळू वकिलाच्या बायकोलाही आवडायला लागतं. पॅरिसच्या फोबूर सें-तांत्वान भागात गल्लोगल्ली कारखाने होते. वरच्या टोकाला फ्रांस्वा लिंकसारखा माणूस, ज्यानं 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात सोन्याचं पदक मिळवलं, आणि खाली असंख्य बिननावाचे. नोटरीच्या, डॉक्टरच्या, द्राक्षमळेवाल्याच्या लग्नात पलंग, कपाट, आरसा असा संच जायचा. माझ्या पलंगावर कुठेही नाव नाही. सगळीकडे शोधलं.

(या हौसेची हद्द बघायची तर आपल्या उपखंडातच. 1882 साली बहावलपूरच्या नवाबानं पॅरिसच्या क्रिस्तोफलकडून पलंग मागवला. लाकडावर चांदी मढवलेली, 290 किलो. चार कोपऱ्यांवर चार विवस्त्र बायका, माणसाच्या उंचीच्या, हातात पंखे आणि चवऱ्या, डोक्यावर खरे केस. यंत्र सुरू झालं की पंखे हलत, डोळे फिरत आणि फ्रेंच ऑपेराचं संगीत वाजे. यात झोप कशी लागायची?)

लिलावाचा दिवस. चाळीसेक लोक, निम्मे ऊब मिळते म्हणून बसलेले. माझ्या डोक्यात लिलाव म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरचा मासळीचा, नाहीतर देवळातली पावणी, जिथे एका नारळासाठी दोन चुलतभाऊ इरेला पेटतात आणि नारळ हजारांत जातो. इथे आवाज नाही. लोक नुसती भुवई हलवतात. माझ्या आधीचं ओकचं अवाढव्य कपाट 40 युरोंना गेलं. ते चार माणसांनी उचलून आणलं होतं. त्यांची मजुरी तरी निघाली असेल का, कोण जाणे. पूर्वी असल्या कपाटासाठी लोक कर्ज काढत असं शेजारच्या आजी सांगतात. आता कोणाला नको. हलकं पांढरं फर्निचर पेटीत घालून घरी येतं, आणि घर बदललं की टाकूनही देता येतं.

लॉट 214. लिलाव पुकारणाऱ्या बाईंनी 100 पासून सुरुवात केली. शांतता. 80? 50? मासळी दुपारपर्यंत उरली की दर जसा उतरतो, तसा. 30 ला मी हात वर केला, आणि तेवढ्यात मागे टोपीवाल्या एका दुकानदाराला जाग आली. 40. मी 50. इंटरनेटवरून कोणीतरी 60. मी 70. मग बाईंनी हातोडी उचलली आणि म्हणाल्या, "एक वार, दोन वार..." अगदी हेच, फ्रेंचमध्ये. टकक्. महत्त्वाची वस्तू असली तर हातोडी पडल्यावर सरकारचा माणूस उठून त्याच किमतीला ती संग्रहालयासाठी उचलू शकतो. तसं कोणी उठलं नाही.

70 वर लिलावघराचे 25 टक्के, म्हणजे 87.50. नवरा पाहुण्यांना 70 च सांगतो, त्यातच गादीचा आकडा खुलून दिसतो म्हणून. टेम्पोचे 60 वेगळे. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत उचलायचा होता, नाहीतर दिवसाचं भाडं.

घरी आणून जोडला. गात्यांच्या टोकांना लोखंडी आकडे, ते खांबाच्या खाचेत वरून सरकवायचे, बस. स्क्रू नाही, पाना नाही. दहा मिनिटांत उभा. मग टेप लावली. आतून 132 बाय 186. दुकानातली साधी फ्रेंच गादी 140 बाय 190. लिलावघरात मी सगळं बघितलं होतं. शिंपला बघितला, पाय बघितले, भुंग्याची भोकं बघितली. माप तेवढं घेतलं नाही! सुताराची मुलगी मी. म्हणून 430 ची खास शिवलेली गादी. वाड्यांमधले गाइड सांगतात की पूर्वीचे लोक उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपत, म्हणून पलंग आखूड. नवऱ्याची उंची 182. तो हल्ली थोडा तिरका झोपतो.

भोकांचं सांगते. बारीक, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी, पायथ्याच्या डाव्या पायावर तीसेक. भोकं असली म्हणून घाबरायचं नसतं, भोकातून ताजं पीठ पडतंय का ते बघायचं. मी पायाखाली काळा कागद ठेवला आणि महिनाभर रोज बघितला. नवऱ्याला वाटलं मी उतारा ठेवलाय. पीठ पडलं नाही. किडा कधीच उडून गेलेला.

मे महिन्यात बाबा आले. बाबांनी सावंतवाडीत पन्नास वर्षं सुतारकाम केलं. दारं, खिडक्या, देव्हारे, आणि चतुर्थीच्या आधी दोन महिने मखरं. आता एक्काहत्तर वर्षांचे. सामानात कपड्यांपेक्षा आईनं दिलेली कोकमं जास्त, आणि पंच्यात गुंडाळलेल्या चार पटाश्या. पलंगाचा फोटो मी आधी पाठवला होता. तेव्हा त्यांचं उत्तर एवढंच: "दुसऱ्याचां मेलेल्या माणसाचां खाट! येड लागलां काय गो तुका?"

प्रवासाचा शीण असूनही चहा घेतला आणि थेट खोलीत. पलंगाची नक्षी बघितलीच नाही. आधी उशाकडची फळी भिंतीपासून ओढली आणि मागच्या बाजूवरून तळवा फिरवला. मग मोबाइलचा दिवा तिरका धरून मला बोलावलं. कोऱ्या लाकडावर फिक्या कमानी उमटलेल्या, एकामागे एक. "गोल करवत," म्हणाले. "रंध्याचां काम नाय ह्यां. फळी मशीनवर कापलीहा." म्हणजे कायद्याच्या भाषेत 'स्तील'. हाती ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ असतात आणि हातरंध्याच्या खुणा हलक्या लाटांसारख्या बोटाला लागतात. ज्यासाठी मी दोन महिने फ्रेंच पुस्तकं चाळली, ते बाबांना हाताला कळलं. त्यांना फ्रेंचमधलं 'मेर्सी' सोडून काही येत नाही.

मग पलंगाखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. आतून आवाज आला, "ह्यांच्या घड्याळातले आकडे हत गो." प्रत्येक सांध्याला दोन्ही तुकड्यांवर पटाशीनं मारलेले रोमन आकडे. एकला एक, दोनला दोन. कुठलं गातं कुठल्या खांबाचं, चूक व्हायला नको म्हणून. बाबा स्वतः तेच करतात, फक्त नुसत्या रेघा मारतात.

नक्षी शेवटी. आधी म्हणाले, मशीनची असेल. मशीनचं कोरीवकाम असलं की खोलगट जागेच्या तळाला गोल पात्याचा माग राहतो, आणि डावं-उजवं तंतोतंत सारखं येतं. चष्मा बदलून नाक लावून बघितलं. शिंपल्याच्या डाव्या बाजूचं फूल खोल, पाकळीच्या कडा धारदार. उजव्या बाजूचं तेच फूल जरा उथळ, एक पाकळी आखूड. बाबा हसायला लागले. "हातचां काम आसा. ह्यां फूल जेवच्या आधीचां आणि ह्यां जेवल्यावरचां."

तेव्हापासून मला झोपताना तो माणूस दिसतो. जेवून आलेला, डोळ्यांवर झापड, आणि मालक बाहेर ओरडतोय की संच शनिवारपर्यंत द्यायचाय.

उजवीकडच्या शेवटच्या पानाचं टोक मोडलेलं होतं, दोन बोटांएवढं. मला त्याची सवय झाली होती, बाबांना झाली नाही. जुन्या बाजारात पाच युरोंना अक्रोडाचा एक सुटा खण मिळाला, त्याची पुढची फळी कापली. चिकटवायला मी दुकानातला पांढरा गोंद आणला, म्हणजे इथलं फेविकॉल. बाबांनी पिशवी बाजूला ठेवली. इथले जुन्या फर्निचरची दुरुस्ती करणारे काय वापरतात विचारलं. म्हटलं, जनावरांच्या कातड्याचा, दाणेदार, गरम पाण्यात विरघळवतात. "म्हणजे सरस!" आजोबांच्या वेळी त्यांच्या घरी सरस शिजायचा आणि वासानं आजी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. फायदा हा की उद्या कोणाला बाबांचं टोक आवडलं नाही तर गरम पाण्यानं ते पुन्हा सुटेल, जुन्या लाकडाला इजा न होता. सरसाचे दाणे एका चित्रकारांच्या दुकानात मिळाले. माझ्या स्वयंपाकघराला दोन दिवस वास होता.

पान कोरायला त्यांना तीन दुपारी लागल्या. अक्रोड त्यांनी याआधी कधी हाताळला नव्हता. शिसवीसारखा कडक नाही आणि फणसासारखा तंतूवर फाटत नाही, "लोण्यासारखो कापता" म्हणाले, पण म्हणून हात जास्त खोल जातो. पहिलं टोक त्यांनी स्वतःच टाकून दिलं. दुसरं बसवलं, मग मधमाश्यांचं मेण आणि टर्पेंटाइन एकत्र करून चोळलं. रंग थोडा फिका आहे. जवळून बघितलं तर कळतं.

मधल्या एका दुपारी त्यांना कोंपान्योनाझ संग्रहालयात नेलं. तूरमधलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. फ्रान्समध्ये कारागीर पोरांनी गावोगाव फिरत एकेका उस्तादाकडे राहून काम शिकायची जुनी रीत आहे, अजून चालू आहे, 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. शिकून झालं की आपली परीक्षा म्हणून एक अवघड वस्तू बनवायची. त्या वस्तू तिथे काचेत ठेवल्यात. वीतभर उंचीचे गोल जिने, इवलीशी छपरं. बाबा एका जिन्यासमोर इतका वेळ उभे राहिले की रखवालदारानं खुर्ची आणून दिली. बसले नाहीत. हवेत बोटानं कसलं तरी माप घेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमका कोणी गावोगाव फिरवल्यान नाय. बापाशीन कानफटात मारून शिकवल्यान."

एक काम राहिलं. आमच्या घराची लाकडी जमीन दीडशे वर्षांची, कोपऱ्यात खचलेली. त्यामुळे पलंगाचा पायथ्याचा उजवा पाय चार मिलिमीटर अधांतरी. बाकीचे तीन पाय तासणं बाबांना मान्य नव्हतं, पलंगाचा काय दोष? पाचर करायची ठरली, पण परतीचा दिवस आला. निघायच्या सकाळी त्यांनी गादीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून पायाखाली सरकवला आणि मला बजावलं की हा तात्पुरता आहे, खणाच्या उरलेल्या फळीतून पाचर करून घे, कोणालाही जमेल.

त्याला आता सात महिने झाले. रविवारी फोन होतो. आईशी बोलणं होतं, कोकमं संपली का ते विचारून होतं, मग मागून बाबांचा आवाज येतो.

"पुठ्ठो काढलंस काय गो?"